डायलॉग गेले कुठे? – घरच्या कॉम्प्युटरचं डिजिटल ऑडिओ सेटिंग

दिवाळीच्या सुट्टीत घरी पोचलो तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आधीच आई म्हणाली, “उद्या तुझ्या बाबांचे कान दाखवून आण. पिक्चर लावतात आणि दर दोन मिनिटांनी मला विचारतात, आता हा काय म्हणाला? मी स्वयंपाक करू का यांना पिक्चर सांगत बसू?”

बाबा गप्प होते. रिटायर झालेल्या माणसाला कानाचा विषय काढलेला आवडत नाही. “आजकालचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात,” एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला.

मला मात्र वाईट वाटलं, कारण तो सगळा सेटअप मीच लावून दिलेला होता. हॉस्टेल सोडताना आमच्या एका सिनियरने आपला एव्ही रिसीव्हर मला स्वस्तात दिला (सहा स्पीकर त्याने आधीच तिसऱ्या मजल्यावर कोणाला तरी विकून टाकले होते, त्यामुळे नुसता डबा मिळाला). घरी बाबांच्या जुन्या डेकचे दोन लाकडी स्पीकर होते, मोठे, अजून ठणठणीत. कॉम्प्युटरच्या मागे ऑप्टिकल आउटपुट होतं. मग काय, केबल आणली, दोन स्पीकर जोडले, व्हीएलसीमध्ये जाऊन ‘बेस्ट क्वालिटी’ म्हणून पासथ्रू चालू केलं, दोन गाणी वाजवून दाखवली, शाबासकी घेतली आणि हॉस्टेलला परत आलो. पिक्चर लावून बघितलाच नाही. टेस्टिंग न करता प्रोजेक्ट सबमिट करण्याची सवय, दुसरं काय!

त्या रात्री मी बाबांच्या शेजारी बसून अर्धा पिक्चर पाहिला. पार्श्वसंगीत दणदणीत. दार आपटलेलं ऐकू येतं, पाऊस ऐकू येतो. हिरोचं तोंड हलतं आणि आवाज येतो तो शेजारच्या वाड्यातून आल्यासारखा. म्हणजे मलासुद्धा ऐकू येत नव्हतं! आणि माझे कान अजून तरी शाबूत आहेत.

अजून तीन गोष्टी लक्षात आल्या. यूट्यूबवरच्या बातम्या एकदम स्वच्छ ऐकू यायच्या. जुनी मराठी गाणीही छान. आणि पिक्चर चालू असताना कीबोर्डवरचं व्हॉल्यूमचं बटण कितीही दाबलं तरी आवाज तसूभर हलत नव्हता, गाण्याला मात्र हलायचा. या तीन गोष्टी नीट जोडल्या असत्या तर मला उत्तर तिथेच मिळालं असतं. पण मी आधी केबल काढून घातली, मग ड्रायव्हर बदलला, मग फाइलच खराब आहे असं ठरवून टाकलं. तुमची अशी रात्र जाऊ नये म्हणून हा लेख.

केबलमधून जातं तरी काय?

ही ऑप्टिकल केबल म्हणजे तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली टॉसलिंक. टोकाला लाल उजेड दिसतो तीच. (नवीन केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्या असतात. त्या काढायच्या असतात. हसू नका, मीही पंधरा मिनिटं घालवली आहेत.) तोच सिग्नल तांब्याच्या ७५ ओहमच्या कोअ‍ॅक्शियल केबलमधूनही जातो. केबल कुठलीही असो, भाषा एकच, सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून ठरवलेली एसपीडीआयएफ.

या भाषेत आवाजाच्या प्रत्येक सॅम्पलला ३२ बिटांची एक सबफ्रेम मिळते. डावा आणि उजवा मिळून ६४ बिटांची फ्रेम. ३२ पैकी प्रत्यक्ष आवाजाला जास्तीत जास्त २४ बिट, बाकीचे सिंक, पॅरिटी वगैरे कारकुनी कामासाठी. सेकंदाला ४८,००० सॅम्पल धरले तर ६४ × ४८,००० = ३०,७२,००० बिट. झाली केबलची गाडी भरली.

आता सहा चॅनेलचा, म्हणजे ५.१ चा आवाज नुसत्या १६ बिटांनी जरी पाठवायचा म्हटला तरी ६ × १६ × ४८,००० = ४६,०८,००० बिट होतात. बसत नाही! गाडीत सीट दोनच आहेत आणि वऱ्हाड सहा जणांचं.

म्हणून मग आवाज दाबून, घडी घालून पाठवतात. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल सेकंदाला जास्तीत जास्त ४,४८,००० बिटांत सहा चॅनेल बसवतो. त्याची एक फ्रेम १,५३६ सॅम्पलची, म्हणजे ३२ मिलिसेकंदांची. ४,४८,००० च्या हिशेबाने ही फ्रेम १,७९२ बाइटची होते. तेवढ्याच वेळात साधा १६ बिटी स्टिरिओ आवाज ६,१४४ बाइट जागा घेतो. म्हणजे त्या जागेत ओळख पटवणारं छोटंसं शीर्षक, मग ही फ्रेम आणि उरलेल्या जागेत नुसती शून्यं भरलेली. डीटीएस जरा खादाड, पूर्ण रेटला साधारण १५.१ लाख बिट घेतो, पण १६ बिटी स्टिरिओच्या १५,३६,००० मध्ये जेमतेम मावतो.

थोडक्यात, केबल एकच पण टपाल दोन प्रकारचं. एक उघडं पोस्टकार्ड, ते पीसीएम. दोन चॅनेलचे आकडे सरळ लिहिलेले, कोणीही वाचावेत. दुसरं बंद पाकीट, तो बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू. कॉम्प्युटर ते फोडत नाही, आहे तसं पुढे देतो. पाकिटावर एक बिट असतं, ‘हा आवाज नाही, डेटा आहे’ असं सांगणारं. रिसीव्हरने ते बघून आत डॉल्बी आहे का डीटीएस आहे ते ओळखायचं आणि उलगडायचं.

पाकीट फोडलेलंच नाही तर कॉम्प्युटर त्यातला आवाज कमी-जास्त कसा करणार? कीबोर्डचं बटण बाबांच्या पिक्चरला का चालत नव्हतं ते कळलं ना? इक्वलायझर, बास बूस्ट, काही काही चालत नाही. सगळं रिसीव्हरवरच करायचं.

आणि समोरच्या डब्याला ते पाकीट वाचताच येत नसेल तर? चांगला असेल तर गप्प बसतो. ते ‘डेटा’वालं बिट न बघणारा असेल तर दाबलेला डेटा आवाज समजून वाजवतो आणि फुल व्हॉल्यूममध्ये खर्रर्र असा फेस आल्यासारखा आवाज येतो. त्यामुळे पासथ्रू पहिल्यांदा चालू करताना अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज अगदी कमी ठेवा. रात्री एक वाजता रेक्टरना रूमवर बोलवायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

एकतर्फी प्रेम

आता मुख्य मुद्दा. एसपीडीआयएफ ही एकेरी वाहतूक आहे. कॉम्प्युटर बोलतो, रिसीव्हर ऐकतो, उलट उत्तर द्यायला वाटच नाही. केबलच्या दुसऱ्या टोकाला सहा स्पीकर आहेत, दोन आहेत का केबल नुसती टेबलाखाली लोंबते आहे, कॉम्प्युटरला पत्ता नसतो. तो आपला लाल उजेड पाठवत राहतो आणि स्क्रीनवर हिरवी पट्टी वरखाली नाचत राहते. तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे!

एचडीएमआयचं तसं नाही. तिथे टीव्ही किंवा रिसीव्हर आपली माहिती एका छोट्या यादीतून (ईडीआयडी म्हणतात तिला) कॉम्प्युटरला कळवतो की मला इतके चॅनेल चालतात, हे फॉरमॅट चालतात. शिवाय एचडीएमआयमधून उघड्या पीसीएमचे आठ चॅनेल जातात, त्यामुळे घडी घालायची सक्ती नाही. पण तिथेही गोची आहे. कॉम्प्युटर टीव्हीला आणि टीव्ही पुढे रिसीव्हरला जोडला असेल, तर यादी टीव्हीची मिळू शकते. टीव्ही म्हणतो ‘मला दोनच चालतात’, मग मागे लाखाचा रिसीव्हर असला तरी विंडोज स्टिरिओच दाखवतं. शक्य असेल तर कॉम्प्युटर आधी रिसीव्हरला आणि रिसीव्हर टीव्हीला जोडा.

आमच्याकडे होती ऑप्टिकल, म्हणजे रिसीव्हरला काय जोडलंय हे माणसानेच सांगायला हवं. आणि शेवटचं सांगणारा माणूस होता आमचा सिनियर. त्याच्या रूमवर सहा स्पीकर होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी रिसीव्हरच्या रिमोटवर ‘टेस्ट टोन’ नावाचं बटण सापडलं. दाबलं. डावीकडून शूऽऽऽ. मग दोन सेकंद शांतता. मग उजवीकडून शूऽऽऽ. मग बराच वेळ शांतता. त्या पहिल्या शांततेत डिस्प्लेवर शब्द होता ‘सेंटर’.

पिक्चरच्या ५.१ मध्ये बहुतेक सगळे संवाद सेंटर चॅनेलमध्ये असतात. संगीत डाव्या-उजव्याला, पाऊस आणि गर्दी मागच्यांना, धमाके सबवूफरला. आमचा रिसीव्हर इमानेइतबारे पाकीट फोडत होता आणि डायलॉग सेंटरच्या टर्मिनलवर पाठवत होता. तिथे स्पीकरच नाही. महिनोन्‌महिने सगळे नट-नट्या आमच्या कपाटामागच्या दोन रिकाम्या स्क्रूंशी बोलत होते! बाबांना ऐकू येत होतं ते डाव्या-उजव्यात सांडलेलं उरलंसुरलं. यूट्यूबच्या बातम्या आणि गाणी होती दोन चॅनेलची, पोस्टकार्डवाली, म्हणून ती शाबूत.

रिसीव्हरच्या सेटअप मेनूत सेंटर ‘नन’ केलं, सराउंड ‘नन’, सबवूफर ‘नो’ आणि पुढचे दोन ‘लार्ज’. शेवटचं विसरू नका. पुढचे ‘स्मॉल’ आणि सबवूफर ‘येस’ राहिलं तर खालचा सगळा बास नसलेल्या सबवूफरकडे निघून जातो आणि मग तुम्ही स्पीकरला शिव्या घालता. सेंटर ‘नन’ केल्यावर रिसीव्हर त्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा वाटून देतो आणि मधोमध बसलेल्या माणसाला डायलॉग बरोबर पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. याला फँटम सेंटर म्हणतात.

रिसीव्हर नाही, नुसते दोन स्पीकर आहेत म्हणून सुटलात असं समजू नका. विंडोजमध्ये चुकून ‘५.१ सराउंड’ निवडलं गेलं असेल तर हाच झोल साध्या ३.५ मिमीच्या पिनेवरही होतो. रूमवर कोणी “पिक्चरचा प्रिंट खराब आहे, डायलॉगच नाहीत” म्हणालं की प्रिंटच्या आधी हे सेटिंग बघा.

विंडोजमध्ये काय बघायचं

विंडोजच्या नव्या सेटिंगच्या पानांत भटकण्यापेक्षा जुनं साउंडचं पॅनेल उघडा. रन मध्ये ‘एम एम एस वाय एस डॉट सी पी एल’ (अर्थात इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता) टाइप करा. ‘प्लेबॅक’च्या यादीत ‘स्पीकर्स’ आणि ‘डिजिटल आउटपुट’ ही वेगवेगळी उपकरणं दिसतात. डिजिटलवर राइट क्लिक करून ‘सेट डिफॉल्ट’ केल्याशिवाय ऑप्टिकलमधून काही येणार नाही. केबल जोडली की आपोआप होईल म्हणून वाट बघू नका, एकतर्फी प्रेम आहे हे वर सांगितलंच.

त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सपोर्टेड फॉरमॅट्स’ नावाचा टॅब असतो. तिथे डॉल्बी डिजिटल, डीटीएस वगैरेंची नावं आणि शेजारी ‘टेस्ट’चं बटण. एकेक दाबून बघा. ज्याचा आवाज येईल त्यालाच टिक ठेवा. या टिकेचा अर्थ ‘माझ्या रिसीव्हरला हे येतं’ असं तुम्ही कॉम्प्युटरला सांगताय, बाकी काही नाही. खोटी टिक मारलीत तर खोटंच होणार.

‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘डिफॉल्ट फॉरमॅट’ आहे. इथे बरेच जण सगळ्यात मोठा आकडा निवडतात, २४ बिट, १,९२,००० हर्ट्झ. त्याने क्वालिटी वाढत नाही, मूळ फाइलमध्ये जे नाही ते कुठून येणार? उलट काही जुन्या रिसीव्हरांची ऑप्टिकल बाजू ९६,००० च्या पुढे लॉकच होत नाही आणि एकदम शांतता पसरते. नेहमीच्या वापरात एकाच वेळी ब्राउझर, गाणी, मेसेजची टिंग असे सगळे आवाज एकत्र मिसळावे लागतात. म्हणून विंडोज सगळ्यांना आधी या एकाच रेटवर आणतं. सीडीची गाणी ४४,१०० ची, पिक्चरचा आवाज ४८,००० चा. ४४,१०० चं ४८,००० करायचं म्हणजे दर १४७ सॅम्पलांचे १६० नवे बनवायचे.

हा ४४,१०० चा विचित्र आकडा आला कुठून? पूर्वी डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे. प्रत्येक ओळीत ३ सॅम्पल, प्रत्येक फील्डच्या २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड: ३ × २४५ × ६० = ४४,१००. आणि ५० फील्डवाल्या देशांत ३ × २९४ × ५०, तेही ४४,१००! दोन्हीकडे जमणारा आकडा म्हणून तो राहिला आणि सीडीत गेला.

तर रेट बदलल्याने आवाज बिघडतो का? ऑडिओवाल्या मंडळींची यावरून हाणामारी चालते. माझं मत विचाराल तर आजच्या विंडोजमध्ये हॉस्टेलच्या फॅनखाली बसून हा फरक कोणालाही कळणार नाही. इंटेलच्या १९९७ च्या एसी-९७ काळातले कित्येक ऑनबोर्ड साउंड ४८,००० लाच बांधलेले असायचे आणि घाईघाईत रूपांतर करायचे, तेव्हा खरंच फरक पडायचा. तेव्हापासूनची ही भीती आहे. मी पिक्चरसाठी ४८,००० ठेवतो, निव्वळ गाणी ऐकणाऱ्याने ४४,१०० ठेवावं. आणि ज्याला एकही बिट बदललेलं चालत नाही त्याने तिथेच खाली ‘अ‍ॅप्लिकेशनला एक्सक्लुझिव्ह कंट्रोल घेऊ द्या’ अशा अर्थाची टिक आहे ती चालू ठेवून प्लेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड निवडावा. बहुतेक प्लेअरना पासथ्रूसाठीही ती टिक लागते. मात्र तोपर्यंत बाकी सगळ्या प्रोग्रॅमची बोलती बंद होते. बंद झाली म्हणून घाबरू नका.

गेम खेळणाऱ्यांसाठी एक सूचना. गेमचा ५.१ आवाज त्या क्षणी तयार होत असतो, पाकीट आधी बांधलेलं नसतं. ऑप्टिकलमधून तो स्टिरिओच येईल, जोपर्यंत साउंड कार्ड स्वतः ‘डॉल्बी डिजिटल लाइव्ह’ किंवा ‘डीटीएस कनेक्ट’ने चालता चालता पाकीट बांधत नाही. नाहीतर एचडीएमआय वापरा.

लिनक्सवाले

तुम्हाला सांगायची गरज नसते असं तुम्हीच म्हणता, म्हणून थोडक्यात. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा, एफ-६ ने कार्ड निवडा. ‘आयईसी ९५८’ नावाचा कॉलम म्हणजेच एसपीडीआयएफ. त्याच्याखाली दोन ‘एम’ दिसले तर तो म्यूट आहे. एम दाबा. ऐंशी टक्के केसेस इथेच सुटतात असं मला लॅबमधल्या अनुभवावरून वाटतं. मग पल्सऑडिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये ‘कॉन्फिगरेशन’ला जाऊन प्रोफाइल ‘डिजिटल स्टिरिओ (आयईसी ९५८)’ निवडा. हल्ली बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये आत पाइपवायर असतं, पण हे पॅनेल त्यावरही चालतं.

दोन किरकोळ तक्रारी

पहिली: गाण्याचा पहिला अर्धा सेकंद खाल्ला जातो, मेसेजची टिंग तर येतच नाही. एसपीडीआयएफमध्ये क्लॉकसाठी वेगळी तार नसते. बायफेज मार्क कोडिंगमुळे प्रत्येक बिटाच्या सुरुवातीला सिग्नल पलटतो आणि त्यातूनच रिसीव्हर क्लॉक काढतो (कम्युनिकेशनच्या पेपरात सहा मार्कांना येतं, इथे खरोखर भेटलं). आवाज नसताना कॉम्प्युटरने सिग्नल बंद केला की लॉक सुटतो आणि परत लागायला वेळ जातो. बिघाड काही नाही. फारच त्रास होत असेल तर मागे एखादी शांततेची फाइल लूपवर चालू ठेवा.

दुसरी: कोअ‍ॅक्शियल किंवा साध्या पिनेवर सतत ‘हूंऽऽ’ येतं. कॉम्प्युटर एका बोर्डवर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या, अर्थिंगचा आनंदीआनंद. मग केबलच्या शील्डमधून करंट फिरतो. ऑप्टिकलमध्ये तांबंच नाही, त्यामुळे हा रस्ता तुटतो. आवाजाची क्वालिटी दोन्हीची सारखीच, पण आपल्याकडच्या वायरिंगचा विचार करता मी ऑप्टिकलच सुचवेन. अर्थिंगची पिन कापून हूं घालवणारे महाभाग आमच्या मजल्यावर आहेत. तसं करू नका, जीव जाईल.

बाबांच्या मशीनवर शेवटी मी पासथ्रू बंदच करून टाकलं. दोनच स्पीकर असताना पाकीट कॉम्प्युटरने फोडलं काय नि रिसीव्हरने फोडलं काय, आणि कीबोर्डचं व्हॉल्यूम बटण बाबांना हवं होतं. आता व्हीएलसी सहाचे दोन करून पीसीएम पाठवतो. अशा वेळी पिक्चरचा आवाज गाण्यांपेक्षा हळू वाटू शकतो, कारण डाव्यात सेंटरचे ०.७०७ आणि सराउंडचे ०.७०७ मिळवले की बेरीज जास्तीत जास्त २.४१४ पट होते, ती आकड्यांच्या मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून काही डीकोडर सगळंच त्या प्रमाणात, साधारण ७.७ डेसिबलने, खाली आणतात. अ‍ॅम्प्लिफायर दोन खुणा वर फिरवला की झालं. रात्री डायलॉग ऐकू यावेत आणि धमाक्याने शेजारी उठू नयेत यासाठी ड्रायव्हरमध्ये ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ असेल तर ते चालू करा. बंद पाकिटावर ते चालत नाही, पीसीएमवरच चालतं.

त्या संध्याकाळी बाबांनी तोच पिक्चर पहिल्यापासून लावला. अर्ध्या तासाने आईला हाक मारून म्हणाले, “ऐक, हा त्याचा सख्खा भाऊ आहे. मला इतके दिवस वाटत होतं ड्रायव्हर आहे.”

कानाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलेलीच होती, म्हणून जाऊनही आलो. उजव्या कानात थोडा मळ निघाला. आईचं म्हणणं आहे की फरक त्यानेच पडला.